पंचमीचा भोपळा

आमच्याकडे अख्खा तांबडा भोपळा बाईने कापायचा नाही, असा नियम होता. पहिला वार पुरुषाने करायचा, तोही उजव्या हाताने. पुढे त्याच्या फोडी करणं, साल काढणं, शिजवणं, वाढणं आणि शेवटी भांडी घासणं हे बायकांनी केलेलं चालत असे. भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, त्याच्यावर आईने कोयता कसा चालवायचा, असं आत्या सांगायची. मग बापाने चालवलेला चालतो का, असं मी एकदा विचारलं होतं. त्यावर आत्या म्हणाली, "तोंड चालवू नको गो, हात चालव."

हा नियम करणाऱ्याने आमची वाडी पाहिलेली नसावी. महाडहून पोलादपूरला जाताना मोठा रस्ता सोडून सावित्री नदी ओलांडली की चढावर आमची वाडी. घरं वीसेक, आणि हातात कोयता धरण्याजोगे पुरुष सगळे मुंबईत. कुणी गिरणीत, कुणी गोदीत. ते गणपतीला येत, शिमग्याला येत, आणि बाकीचे दिवस वाडीत बायका, पोरं, म्हातारे आणि भोपळे एवढेच असत. ही एकोणीसशे पन्नास-साठच्या मधली गोष्ट. पोलादपूरच्या आसपास तेव्हा सगळ्याच वाड्या अशा होत्या.

आमच्या घरात तिघी. आई, मी आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. आत्या लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. तिला शेतातलं काम फारसं जमत नसे, पण नियम सगळे पाठ होते. बाबा मुंबईत गिरणीत होते.

घरामागे परसू होतं. परसू म्हणजे फार काही नाही, दगडी गडग्याने वेढलेला उताराचा तुकडा. पण आईने त्यात काय लावलं नाही ते विचारावं. भात आम्ही खाली खाचरात करायचो, ते पोटासाठी. परसू आईचं स्वतःचं होतं. तिथे ती कुणाची सून नव्हती की कुणाची बायको नव्हती. तिथे ती मामलेदार होती.

तिच्या रीती तिच्याच होत्या. वेलाचं आळं करायचं तर आधी खड्ड्यात पालापाचोळा आणि शेणी घालून ती राब जाळायची. भातासाठी सगळेच जाळतात. भोपळ्यासाठी जाळणारी ती एकटी. लोक हसायचे, मग पुढच्या वर्षी बी मागायला यायचे. भांडी घासायच्या दगडापासून तिने एक चर काढला होता. त्याचं पाणी आधी केळीला, मग अळवाला, आणि उरलं तर कर्दळीला. उन्हाळ्यात तोंड फुटलेलं मडकं मिरच्यांच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरायची आणि दिवसाआड त्यात तांब्याभर पाणी ओतायची. मडकं गुपचूप झिरपत राहायचं. पडवळ वाकडं वाढू नये म्हणून त्याच्या टोकाला सुतळीने दगड बांधायची. मांडवाखालून जाताना ते दगड माझ्या कपाळाला लागत. इतकी वर्षं लागले, पण दगड थोडा वर बांधावा असं आईला कधी वाटलं नाही. पडवळाची लांबी महत्त्वाची होती.

आत्याची बागाईत वेगळी. ती हाताने काही करत नसे, वेळ सांगत असे. भोपळ्याचं बी अखितीलाच पडलं पाहिजे, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. बी टोचताना बोलायचं नाही. वाढत्या फळाकडे बोट दाखवायचं नाही, नाहीतर ते कुजतं. मांडवाला फाटकी वहाण टांगायची, दृष्ट लागू नये म्हणून. वेल गोठ्याच्या छपरावर चढला की तो कुठपर्यंत गेला हे बघायला आम्हाला बोट आवळून, मुठीनेच दाखवावं लागे.

आणि तिसरी बागाईत बाबांची, ती पत्रातून चाले. बाबा चार बुकं शिकलेले होते. त्यांच्या कार्डात पहिली ओळ खुशालीची आणि दुसरीपासून परसू सुरू. पडवळाला दगड बांधलेस काय. केळीला पोरं किती. सुरणाचा गड्डा या साली काढू नको, आणखी साल जाऊ दे. कधी पाकिटात चिमूटभर बी येई, भायखळ्याच्या बाजारातलं, कागदाच्या पुडीत. टोमॅटो वाडीत पहिल्यांदा आला तो असा. आत्याने तो खाल्ला नाही. तिच्या मते ते वांग्याचं बिघडलेलं पोर होतं.

कार्ड वाचायचं काम माझं. आईला वाचता येत नव्हतं. मी मोठ्याने वाचायची आणि आई हात धुऊन, पदराला पुसून, समोर उकिडवी बसायची. बाकीच्या बायकांचे नवरे पत्रात काय लिहीत मला ठाऊक नाही. माझे बाबा लिहीत, कारल्याला किडा लागल्यास राख मार. आई हे ऐकून लाजायची. मला तेव्हा नवल वाटे, आता वाटत नाही.

भोपळ्याच्या वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी येतात. मधमाश्या कमी दिसल्या तर आई पहाटे नर फूल तोडून मादी फुलावर टेकवायची. नराचं काम तेवढंच. मग त्याच फुलांची भजी होत. आत्या म्हणे, "आपल्या वाडीचीच तऱ्हा ही." ती विनोद क्वचित करायची आणि केल्यावर स्वतः हसायची नाही.

आता पंचमीचं सांगते. गणपती बसतात त्याच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी ऋषीची भाजी करायची. तिच्यात बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. नांगर न लावता, बाईच्या हाताने परसात जे पिकलं असेल तेच. अळू, माठ, भेंडी, पडवळ, शिराळं, सुरण, मक्याचं कणीस आणि भोपळा. आत्याचा त्या दिवशी उपास. दिवसभरात ती एवढी एकच भाजी खायची, आणि वर्षभर त्या भाजीबद्दल बोलायची. आईच्या परसाची ती परीक्षा होती, आणि आई दर साली पहिली यायची.

फक्त भोपळा कापण्यापुरते बाबा लागत. गणपती मोठ्या घरी बसायचा, माझ्या चुलत आजोबांकडे, त्यामुळे आमच्या घरात बाबांना त्या सुट्टीत हे एकच काम. पंचमीच्या सकाळी अंघोळ करून ते पाटावर बसत. आई वेलावरचा सगळ्यात मोठा भोपळा आणून पुढ्यात ठेवी, त्यावर हळदीकुंकू वाहून कोयता पुढे करी. बाबा एक वार करत. कोयता अर्धा आत जाई, मग ते भोपळ्यासकट तो उचलून जमिनीवर आपटत. दोन भकलं. आत्या बी काढून घेई. सगळं मिळून मिनिटभराचं काम. पण आई त्या मिनिटासाठी अखितीपासून खपत असे.

ज्यांचे पुरुष येत नसत त्यांच्यासाठी चुलत आजोबा होते. ते पंचमीला आपली कोयती घेऊन घरोघर हिंडत आणि भोपळे कापून देत. मोबदल्यात एक फोड. दुपारपर्यंत त्यांच्याकडे इतक्या फोडी जमत की त्यांच्या सुनेने चार दिवस भोपळ्यावाचून दुसरं काही शिजवू नये. आम्हाला त्यांची गरज पडत नसे. आई हे मुद्दाम कुणाला सांगत नसे, पण ते आमच्या दारावरून जाताना ती ओटीवर येऊन उभी मात्र राही.

मी सहावीत होते त्या साली बाबा गणपतीला आले नाहीत.

कार्ड आलं. रजा मिळत नाही, काळजी नसावी. एवढंच. मी वाचलं आणि पुढे वाचायला काही नव्हतं. परसाबद्दल एक शब्द नाही. आणि दुसरी गोष्ट मला दिसली ती आईला दिसत नव्हती. अक्षर बाबांचं नव्हतं. बाबांचं अक्षर तिरकं आणि घाईचं, 'ळ'चं शेपूट खालच्या ओळीत जाणारं. हे गोल गोल, नीटस होतं. मला वाटलं, बाईचं असावं.

आई समोर बसून होती. "पुढं?" म्हणाली.

मी म्हटलं, "पडवळाला दगड बांधलेस काय, असं विचारलंय."

आई उठली. "बांधलेत म्हणावं," म्हणाली, आणि परसात गेली.

माझं खोटं बोलणं सुरू झालं ते असं. मी त्या वेळी बारा वर्षांची. पुढे मी पुष्कळ खोटं बोलले असेन, पण इतकं शेतीविषयक कधी नाही.

पंचमीला चुलत आजोबा कोयती घेऊन दाराशी आले. "सूनबाय, आण भोपळा. तो काय आला नाय या साली."

आई म्हणाली, "भोपळ्याचा माणूस हाय. येईल तवा कापील."

आत्या आतून म्हणाली, "अगो, भाजीत भोपळा नको काय? ऋषीची भाजी हाय ती."

"बिनभोपळ्याची करीन," आई म्हणाली. आजोबांनी कोयती काखेत मारली. वाडीत त्यांच्या कोयतीला आजवर कुणी नको म्हटलं नव्हतं. ते निघून गेले. आईने भोपळा पेंढ्यात गुंडाळून ओटीवरच्या माळ्यावर ठेवला. त्या दिवशीची भाजी आत्याने खाल्ली, पण एक अक्षर बोलली नाही, आणि आत्याचं न बोलणं सगळ्या वाडीला ऐकू जात असे.

आईचं म्हणणं मला तेव्हाही कळत होतं. दुसऱ्या पुरुषाने तो भोपळा कापला असता तर आमच्या घरी पुरुष नाही असं झालं असतं. कापला नाही तोवर पुरुष होता, फक्त आलेला नव्हता.

शिमग्यालाही बाबा आले नाहीत. मनीऑर्डर येत होती, त्यामुळे जिवंत आहेत एवढं कळे. कार्डं येत ती त्याच गोल अक्षरात, दोन ओळींची. पुढचं मी घालत असे. सुरुवातीला जुनंच फिरवून सांगायची, केळीला पोरं किती, कारल्याला राख मार. मग तेच तेच होऊ लागलं आणि आईच्या तोंडावर शंका दिसायला लागली. म्हणून मी नवीन काढलं. मिरचीच्या मुळाशी मूठ मूठ सुकट पुरावी, असं बाबांच्या नावाने सांगितलं. नारळाला मासळीचं खत घालतात हे मी महाडच्या बाजारात ऐकलं होतं.

आईने घरातली होती नव्हती ती सुकट मिरचीला पुरली. दुसऱ्या दिवशी वाडीतली सगळी मांजरं आमच्या परसात होती. दोन रोपं तेवढी राहिली, तीही मडक्याला टेकली होती म्हणून. आत्याने उखडलेली रोपं बघितली आणि म्हणाली, "मुंबईला ऱ्हाऊन डोकं फिरलंय त्याचं." आई उरलेल्या दोन रोपांना माती लावत राहिली. महिनाभर आम्ही कोरडी भाकरी खाल्ली, कारण सुकट संपली होती.

दरम्यान नदीवर बायकांची कुजबुज सुरू झालेली होती. मुंबईला गेलेला माणूस दोन सण येत नाही म्हणजे तिकडे त्याचं दुसरं घर आहे, हा वाडीचा हिशेब ठरलेला. एक बाई तर धुणं आपटता आपटता आईला म्हणाली, "तिकडं बी कुणीतरी भोपळा कापायला ठेवीत असंल गो." आईने धुणं पिळलं, बादलीत टाकलं आणि घरी आली. चढावर मध्येच थांबून मला विचारलं, "अक्षर त्यांचंच हाय ना गो?"

"हाय," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी तिच्या हातातली बादली घेतली आणि झपाझप पुढे चढले. आजही त्या चढावर तेवढ्या जागी मी पाय उचलूनच चालते.

पुढच्या श्रावणात माळ्यावरचा भोपळा कुजला. वरून धड दिसत होता, आतून गेला होता. कळलं ते चुलत आजोबांमुळे. ते ओटीवर बसून आईला समजावत होते की असा हट्ट बरा नव्हे, घरचा वडीलधारा म्हणून मी आहे, कापून देतो, त्यात कमीपणा कसला. तेवढ्यात वरून एक थेंब त्यांच्या पांढऱ्या टोपीवर पडला. मग दुसरा. त्यांनी टोपी काढून हुंगली आणि विषय तिथेच संपला.

त्या भाद्रपदातही बाबा आले नाहीत. दुसरा भोपळाही माळ्यावर गेला. तो उंदरांनी कापला. उंदीर नर होते की मादी, हे आत्याने विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी मी पत्रात आणखी एक गोष्ट घातली. भोपळ्याच्या वेलाचे शेंडे खुडावेत, आणि वेलावर एकच फळ ठेवावं. हे कुठून सुचलं, सांगता येत नाही. बहुधा मांजरं काही करू शकणार नाहीत असं काहीतरी मी शोधत होते. आत्या कडाडली. वाढता वेल खुडणं म्हणजे पाप. आई म्हणाली, "त्यांनी कळवलंय." आणि तिने शेंडे खुडले. खुडलेल्या शेंड्यांची भाजी केली, आणि खाली मान घालून खाल्ली.

मग तो भोपळा वाढू लागला. गोठ्याच्या छपरावर एकटाच. आषाढात घागरीएवढा झाला, श्रावणात छपराचा वासा करकरू लागला, तेव्हा आईने खालून दोन मेढी लावल्या. वाडीतली माणसं बघायला येत आणि मुठीने दाखवत. आत्या त्याला रोज दोनदा मीठमोहऱ्या ओवाळायची. पाप वगैरे ती विसरली. मला मात्र त्या भोपळ्याची धास्ती वाटू लागली. बाबांच्या नावावर मी तो वाढवला होता, आणि बाबा कुठे होते हे मला ठाऊक नव्हतं.

गणपतीच्या दिवशी दुपारी बाबा आले.

चढावरून एकटेच आले. डाव्या हातात ट्रंक, उजव्या हाताला पंचा गुंडाळलेला. वाळले होते. आई परसातून आली, मातीच्या हातांनी तशीच उभी राहिली. "आलात?" म्हणाली. बाबा "हां" म्हणाले. दोन वर्षांनंतरचं त्यांचं बोलणं एवढंच झालं. आत्याने विचारलं, "हाताला काय रे?" बाबा म्हणाले, "लागलंय." आणि मोठ्या घरी गणपतीच्या पाया पडायला गेले. रात्री भूक नाही म्हणून जेवले नाहीत.

पंचमीची सकाळ. आईने आणि मी मिळून भोपळा छपरावरून उतरवला. दोघींनी धरून आणावा लागला. पाट मांडला, हळदीकुंकू वाहिलं, कोयता ठेवला. बाबा अंघोळ करून आले, पाटावर बसले. पंचा तसाच. त्यांनी भोपळ्याकडे बघितलं आणि त्याच्या आकाराने ते दचकले, हे मला स्पष्ट दिसलं. मग त्यांनी डावा हात कोयत्याकडे नेला.

"डावा नको रे," आत्या म्हणाली. सवयीने म्हणाली.

बाबांनी डावा हात मागे घेतला. मग पंचा सोडू लागले. तो सुटायला वेळ लागला. उजव्या हाताला अंगठा होता आणि करंगळी होती. मधली तीन बोटं नव्हती.

 परसात कोंबडी ओरडत होती ती ओरडत राहिली. बाबा मान खाली घालून म्हणाले, "मशीनच्या पट्ट्यात गेला हात. तीन महिने इस्पितळात होतो. आता गिरणीच्या दारावर बसवलंय मला. खुर्ची हाय." मग जरा थांबून म्हणाले, "गेल्या सालीच आलो असतो. पन शिमग्याला हात दिसला असता, आनि पंचमीला तू कोयता देशील, ठावं होतं."

म्हणजे दोन वर्षं बाबा भोपळ्यामुळे आले नव्हते, आणि भोपळे बाबांमुळे कापले गेले नव्हते. मधल्या मध्ये उंदरांचं फावलं.

मला रडू आलं आणि रागही आला. त्या नियमाचा आला, भोपळ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. बोटं गेलेल्या माणसाच्या नावाने मी मांजरांना सुकट घातली होती, आणि मनात त्याला दुसरी बायको देऊन बसले होते.

नेमके त्याच वेळी चुलत आजोबा दाराशी आले, हातात कोयती. त्यांनी आत बघितलं. बाबांचा हात बघितला. बिचारे चांगल्या मनाने म्हणाले, "चालवू काय रे माझी? एक वार तर हाय."

"नको," आई म्हणाली. "घरचा माणूस हाय."

ती बाबांच्या शेजारी खाली बसली. नवऱ्याच्या इतक्या जवळ, सासरच्या वडीलधाऱ्यासमोर, बसलेली मी तिला पहिल्यांदाच बघत होते. तिने कोयता उचलला, बाबांच्या उजव्या हाताखाली मूठ धरली, त्यांचा अंगठा एका बाजूने आणि करंगळी दुसऱ्या बाजूने लावली, आणि वरून आपला हात घट्ट दाबला. बाबा म्हणाले, "अगो, नियम..." आई म्हणाली, "दाबा."

दोघांनी दाबलं. शेंडे खुडून वाढवलेल्या भोपळ्याची साल, ती सहजी कुठली दाद देते. आईने गुडघा टेकला, बाबांनीही टेकला, दोघांच्या मानेच्या शिरा वर आल्या. मग कर्र आवाज झाला आणि भोपळा दुभंगला. आत केशरी, कोरडा, बियांनी भरलेला.  आईने आपला हात लगेच काढला नाही.

आम्ही सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. चुलत आजोबांनीही. नियम तिच्याकडे होते.

आत्या वाकून कोयत्याची मूठ बघू लागली. मग तिने विचारलं, "खालचा हात कुनाचा व्हता?"

"त्यांचा," आई म्हणाली.

"मग झालं तर," आत्या म्हणाली, आणि बी काढायला बसली. तिचे डोळे गळत होते. म्हणाली, भोपळ्याचा चीक उडाला. त्या भोपळ्याला चीक नव्हता.

आजोबांना त्या दिवशी आमच्याकडून सर्वांत मोठी फोड गेली.

बाबा गौरी जाईपर्यंत राहिले. अक्षर कुणाचं होतं तेही कळलं. खोलीतला जोडीदार, कशेडी घाटापलीकडचा, शाळामास्तर व्हायचा राहिलेला गडी. बाबा सांगत आणि तो लिही. परसाचं का नाही लिहिलं, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, "दुसऱ्याच्या हातनं बायकोला पडवळाचं काय विचारायचं? लाज वाटायची."

आई शेजारी अळू चिरत होती. अक्षराचं ऐकून ती चकित वगैरे झाली नाही. विळीवरून मान न उचलता मला म्हणाली, "सुकटीचं तुझंच ना गो?"

मी अळवाचे देठ सोलू लागले.

"ताटात सुकट कमी पडली तर रुसून उठनारा मानूस. तो मातीत घालायला सांगंल?"

"मग पुरलीस कशाला?"

"तू येवढं मन लावून वाचलंस," आई म्हणाली.

बाबांनी मग मला परसात नेलं आणि विचारलं, "मी पत्रातून काय काय कळवलं व्हतं?" मी सगळं सांगितलं, पडवळाच्या दगडापासून शेंड्यांपर्यंत. त्यांनी नीट ऐकून घेतलं. सुकटीचं ऐकून म्हणाले, "ते वाईट झालं." शेंड्यांचं ऐकून गोठ्याच्या छपराकडे बघत राहिले. मग मांडवाखालून वाकून जाताना त्यांच्या कपाळाला पडवळाचा दगड लागला, आणि ते आल्यापासून पहिल्यांदा हसले.

ते मुंबईला परत गेले. दिवाळी झाली तरी कार्ड नाही. आईने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नदीवरच्या बायका गप्प होत्या. भोपळ्याची फोड त्यांच्याही घरी गेली होती.

मार्गशीर्षात कार्ड आलं. पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं तेव्हा मला वाटलं, कुठल्या तरी पहिलीतल्या मुलाचं आहे. अक्षरं बोराएवढी, एक वर एक खाली, ओळ कार्डाच्या कडेवरून घसरत गेलेली. डाव्या हाताने लिहिलेली. तीन ओळींतच कार्ड भरलं होतं.

आईने हात धुतले, पदराला पुसले आणि समोर बसण्याआधी कार्ड माझ्याकडून मागून घेतलं. उलटंसुलटं करून बघितलं. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, "ह्ये त्यांचं." आणि वाचायला परत दिलं.

मी वाचलं. मी खुशाल हाय. खुर्ची बरी हाय. भोपळ्याचे शेंडे खुडलेस काय.

एवढंच होतं. मी पदरचं काही घातलं नाही.

आई म्हणाली, "आता कुठले शेंडे? वेल कवाचा वाळला." आणि उठून गोठ्याकडे गेली, छपरावर नजर टाकून आली.